मागच्या माणसाच्या चालीनं: चर्चमध्ये भटकंतीचा गट सुरू करताना

चर्चमध्ये डोंगरभटकंतीचा गट काढायचा म्हटलं की सगळ्यात आधी हात वर करतात ते एरवीही डोंगर चढणारे. ते हवेतच, कारण नकाशा वाचता येतो तो त्यांना. पण गट त्यांच्या मापानं उभा करू नका. शेवटच्या बाकावर बसून आशीर्वाद होताच निघून जाणारी बाई, नुकतीच पत्नी गेलेले आजोबा, घराबाहेर पडायलाच तयार नसलेला सोळा वर्षांचा मुलगा, या लोकांसाठी गट काढायचा. ते एकटे कधीच निघणार नाहीत. मंडळी सोबत असेल तर निघतील.

मी नर्स. नोकरीतली बरीच वर्षं अपघात विभागात गेली, आणि रविवारी मी संडे स्कूल घेते. त्यामुळे खाली सुरक्षिततेबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे. ते कमी करायची माझी इच्छा नाही.

गटाचा मुख्य नियम बायबलमधल्या उत्पत्तीच्या ३३व्या अध्यायात आहे. कित्येक वर्षांच्या वैरानंतर याकोबाला त्याचा भाऊ एसाव भेटतो आणि म्हणतो, चल, बरोबरच जाऊ. याकोब म्हणतो, मुलं कोवळी आहेत, दूध पाजणारी जनावरं आहेत, एक दिवस जरी जास्त दामटलं तरी कळप मरेल; तू पुढे हो, मी यांच्या चालीनं येतो. पुढे याकोब एसावाच्या मागे सेईरला गेलाच नाही, तो भाग वेगळा. पण वाटेवरचं त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. गटाची चाल ठरते ती सगळ्यात सावकाश चालणाऱ्यावरून. ज्याला हे मान्य नाही तो कितीही कसलेला असला तरी त्याला लीडर करू नका.

आधी परवानगी, तीही लेखी

पाळकसाहेबांना किंवा फादरना दारात गाठून "जाऊ का" विचारणं पुरेसं नाही. एक पानाचा कागद करून कमिटीपुढे ठेवा. गट कोणाच्या देखरेखीखाली चालेल, लीडर कोण, पैसे कोणाच्या हातात, मुलांसाठी कोणते नियम आणि सहल रद्द करायचा अधिकार कोणाचा, एवढं त्यात हवं. पैसे चर्चच्या खजिनदारामार्फतच जाऊ द्या. कोणाच्या खाजगी खात्यावर एक रुपयाही नको. चर्चचा विमा असेल तर तो आवाराबाहेरच्या कार्यक्रमाला लागू होतो का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या. "होत असेल" या शब्दावर कोणाच्या मुलाला डोंगरावर नेऊ नये.

कमिटीत कोणीतरी म्हणणारच, डोंगर चढणं हे काय चर्चचं काम? त्यांना आकिले रात्ती या धर्मगुरूंबद्दल सांगा. १८८९ मध्ये ते आल्प्समधल्या मोंते रोझावर पूर्वेकडच्या अवघड बाजूनं चढले. १९२२ मध्ये तेच अकरावे पायस या नावानं पोप झाले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. प्रॉटेस्टंट मंडळीत पोपचं उदाहरण चालणार नसेल तर स्तोत्रसंहिता उघडा. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं वर यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची मानली जातात.

तीन माणसं, त्यातलं एक घरी

लीडर पुढे चालतो, बॅकलीड सगळ्यांच्या मागे. बॅकलीडच्या मागे कोणीही राहायचं नाही आणि लीडरच्या पुढे कोणीही जायचं नाही. प्रत्येक फाट्यावर लीडर थांबतो आणि बॅकलीड दिसल्याशिवाय हलत नाही. मागचे लोक पोचल्या पोचल्या पुढचे उठून निघाले, असंही होऊ देऊ नका. नाहीतर ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती कधी मिळत नाही. या दोघांपैकी जास्त अनुभवी माणूस मी मागे ठेवते. पुढे वाट असते, अडचण मागे असते.

तिसरा माणूस घरी बसतो, आणि माझ्या मते त्याच्याशिवाय गटानं निघूच नये. त्याच्याकडे सगळ्यांची यादी, प्रत्येकाच्या घरचा फोन नंबर, मार्ग, गाड्यांचे नंबर आणि दोन वेळा लिहिलेल्या असतात. पहिली वेळ परतीची. दुसरी, तोपर्यंत निरोप आला नाही तर बचाव पथकाला किंवा पोलिसांना फोन करायचा ती. दुसरी वेळ आधीच ठरवून ठेवली की घरच्या माणसाला "अजून थोडी वाट बघू का" या घालमेलीत बसावं लागत नाही. घड्याळात ती वेळ झाली की फोन लावायचा, बस.

हे काम ज्यांना चालवत नाही अशा ज्येष्ठांना द्या. प्रार्थनेसाठी त्यांच्याकडे नावं असतात, फोनशेजारी बसायला वेळ असतो आणि जबाबदारी ते अक्षरशः पाळतात. गुडघ्यांमुळे वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेली एखादी आजी अशा रीतीनं गटाची पूर्ण सभासद होते. तिला सहलीचे फोटो दाखवायला जायचं, मार्ग समजावून सांगायचा, पुढच्या वेळी कुठे जावं हे तिलाही विचारायचं.

माणसं किती, आणि मोजायची कशी

बायबलमध्ये इथ्रोनं आपल्या जावयाला, मोशेला, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगितलं. डोंगरावर यातला शेवटचा आकडा उपयोगाचा. दहा-बारा माणसांना एक लीडर आणि एक बॅकलीड. पंचवीस जण आले तर दोन गट करा, दोन वेळांना सोडा. मोठा घोळका वाट रुंद करतो, शांतता मोडतो आणि त्यात माणूस हरवलेला लक्षातही येत नाही.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो. मरीया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून जातात, कारण तो सोबतच्या लोकांत असेल असं त्यांना वाटतं. ओळखीच्या लोकांच्या जमावात नेमकं हेच होतं. प्रत्येकाला वाटतं मूल दुसऱ्या कोणाबरोबर आहे. म्हणून निघतानाच प्रत्येकाला आकडा द्या आणि प्रत्येक थांब्यावर ज्यानं त्यानं आपला आकडा मोठ्यानं म्हणायचा. मुलांना हे फार आवडतं.

मुलांच्या बाबतीत एक नियम कोणासाठीही वाकवू नका, पाळकांसाठीसुद्धा नाही: एक मोठा माणूस आणि एक मूल असे दोघंच कधी कुठे जाणार नाहीत. गाडीत, तंबूत, स्वच्छतागृहाच्या वाटेवर, कुठेही नाही. सोबत किमान दोन मोठे हवेत आणि ते एकमेकांचे नवरा-बायको किंवा नातेवाईक नसावेत. आईवडिलांची लेखी संमती हवी, आणि फोटो बाहेर टाकायचे असतील तर त्याची संमती वेगळी. "आपल्याच मंडळीतले आहेत" म्हणून ही काळजी सोडता येत नाही. उलट याच विश्वासामुळे ती घ्यायची.

तब्येतीचा कागद

प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घ्या: दमा, फिट्स, मधुमेह, हृदयाचा आजार, मधमाशीची किंवा औषधाची ॲलर्जी, गरोदरपण, चालू असलेली औषधं, तातडीचा संपर्क. फॉर्म बंद पाकिटात लीडरकडे राहतात. आणि हे मी कळकळीनं सांगते, त्यातली एकही गोष्ट प्रार्थनेचा विषय म्हणून सभेत वाचली जाऊ नये. एखाद्याची फिट्सची माहिती त्याला न विचारता प्रार्थनेच्या यादीत गेली, तर पुढचा माणूस फॉर्मवर खरं लिहीत नाही आणि त्याची किंमत डोंगरावर मोजावी लागते. दम्याचा पंप ज्याचा त्याच्या खिशात हवा, पाठीमागून येणाऱ्या कोणाच्या तरी सॅकमध्ये नको. मधुमेह असलेल्याकडे साखर हाताशी हवी.

पहिली वाट

पाच-सहा किलोमीटर, फार चढ नको, सुरुवातीला स्वच्छतागृह आणि मधूनच परत फिरता येईल अशी वाट. लीडरनं ती आदल्या आठवड्यात स्वतः चालून आलेली असावी. जुन्या आठवणीवर विसंबू नका; पूल वाहून जातात, कुंपणं येतात.

वेळेचा अंदाज करायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२चा हिशेब अजून चालतो. साधारण ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे आठ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर दोन तास छत्तीस मिनिटं. पण हा दमदार माणसाचा, न थांबता चालण्याचा हिशेब आहे. लहान मुलं आणि आजोबा सोबत असतील तर मी सरळ दुप्पट धरते. मग अंधार पडायच्या दोन तास आधी गाडीपाशी पोचायचं असं ठरवून मागे मोजत यायचं, म्हणजे परत फिरायची वेळ कळते. ती सकाळीच सगळ्यांना सांगायची. त्या वेळेला माथा दहा मिनिटांवर असला तरी गट वळतो.

हवा बिघडणार असेल तर आदल्या संध्याकाळीच रद्द करा. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं आणि वारा त्यात भर घालतो. सुती कपडा भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो. थंडीनं कुडकुडणारा माणूस अडखळायला आणि तोंडातल्या तोंडात बोलायला लागला, की सहल तिथेच संपली. त्याला कोरडं करा, वाऱ्याआड घ्या, गुंडाळा. उन्हात उलट. कोणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा झोकांड्या देऊ लागलं तर तो उष्माघात समजून लगेच मदत बोलवा. ती येईपर्यंत थांबून न राहता आहे तिथेच सावलीत अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर उघड्यावरून हला. पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा, एकट्या झाडाखाली थांबू नका आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका.

शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी, मुलांच्या तर हवीच. आल्प्समधून आलेली खूण अशी: मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांनी येतं. संडे स्कूलमध्ये हे एकदा खेळून घ्या.

शौचाची सोयही न लाजता सांगा. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात छावणीबाहेर जाताना खणायला हत्यार न्यायची आणि मळ झाकायची आज्ञाच आहे. पाण्यापासून साठ मीटर लांब, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा. कागद पिशवीत घालून परत आणायचा.

प्रार्थना किती

थोडी. निघताना दोन मिनिटं, माथ्यावर एक स्तोत्र. यात्रेकरूंची पंधरा स्तोत्रं दर सहलीला एक अशी घेतली तर वर्षभराहून जास्त पुरतात. परतीच्या वाटेवर पंधरा मिनिटं कोणीही बोलायचं नाही, एवढंच मी मागते. बोलायला लावून जे लोक उघडत नाहीत ते या पंधरा मिनिटांनंतर आपणहून बोलतात. वाऱ्यात उभं करून प्रवचन देऊ नका. थकून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवानं आधी झोपू दिलं, दोनदा खाऊ घातलं, आणि त्याच्याशी बोलणं झालं ते पुढे होरेब डोंगरावर. चर्चबाहेरचे मित्र येणार असतील तर प्रार्थना होईल हे त्यांना निमंत्रणातच सांगा.

सामानासाठी कोणाला खर्चात पाडू नका. पकड असलेले बूट आणि पाण्याची बाटली एवढं पुरे. रेनकोट, सॅक, हेडलॅम्प यांची एक पेटी चर्चमध्ये ठेवा आणि त्यातलं सामान सगळेच वापरतील असं करा, ज्याच्याकडे स्वतःचं आहे त्यानंसुद्धा. मग पेटीतून घेताना कोणाची मान खाली जात नाही.

महिन्यातला एक दिवस पक्का करा, उपासनेच्या वेळेला धक्का न लावणारा. मुक्कामाची सहल सहा महिन्यांनी, एकमेकांची चाल कळल्यावर. दोरावरची चढाई आणि पाण्यातल्या सहली यांना मात्र प्रमाणपत्र असलेल्या प्रशिक्षकाशिवाय हात लावू नका, तरुण संघातला मुलगा कितीही म्हणाला तरी. बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर लाईफ जॅकेट हवं, पट्टीच्या पोहणाऱ्याच्याही.

पहिल्या वर्षातच पुढचा लीडर तयार करायला घ्या. त्याला आधी बॅकलीड करा, मग सोपी वाट त्याच्या हाती द्या आणि तुम्ही मधे चाला, मागितल्याशिवाय सल्ला न देता. मार्गांची नोंद, फॉर्मचा नमुना, घरी थांबणाऱ्यांची यादी आणि पेटीची किल्ली एका फाइलबरोबर ठेवा, म्हणजे तुमची बदली झाली किंवा पाय मोडला तरी पुढच्या महिन्यात गट ठरलेल्या दिवशी निघेल.