ताळेबंद जुळला, पण जोर गेला

ऊर्जा लेखापरीक्षणात नव्याने येणाऱ्यांना उष्मागतिकीचे नियम पाठ असतात, मलाही होते. तरीही पहिल्याच कारखान्यात मी फसलो आणि ती फजिती अजून टोचते.

तेथील बॉयलर 10 बार निरपेक्ष दाबाची संपृक्त वाफ देत असे; प्रक्रियेला मात्र 2.5 बारची वाफ पुरत असल्याने मध्ये दाब उतरवणारा व्हॉल्व्ह होता. मी एन्थाल्पीचा, म्हणजे वाफेसोबत वाहणाऱ्या ऊर्जेचा, ताळेबंद मांडला: आत किलोमागे 2778 किलोज्यूल, बाहेरही तेवढेच. ‘येथे तोटा शून्य’ असे मी बिनदिक्कत लिहिले. बॉयलर सांभाळणाऱ्या मामांनी मला त्या किंचाळणाऱ्या व्हॉल्व्हपाशी उभे केले आणि विचारले, “साहेब, मग हा जोर जातो कुठे?”

आकडा बरोबर होता, निष्कर्ष चुकीचा होता. ऊर्जा किती उरली एवढेच पहिला नियम सांगतो. तिच्याकडून अजून किती काम करून घेता येईल, हे दुसऱ्या नियमाला विचारावे लागते. त्या व्हॉल्व्हमध्ये एन्ट्रॉपी (ऊर्जा कामासाठी किती निकामी होत गेली, याचे माप) किलोमागे सुमारे 0.6 किलोज्यूल प्रति केल्विन वाढत होती. तीच वाफ बॅकप्रेशर टर्बाइनमधून, म्हणजे काम करून घेऊन वाफ प्रक्रियेला लागणाऱ्या दाबावर बाहेर सोडणाऱ्या टर्बाइनमधून, उतरवली असती, तर आदर्श स्थितीत किलोमागे सुमारे 250 किलोज्यूल काम मिळाले असते. कार्यक्षमता 60 टक्के धरली, तरी ताशी 10 टन वाफेवर जवळपास 400 किलोवॅट. ही वीज फुकट नसते, कारण टर्बाइनमधून निघालेल्या वाफेत तेवढी उष्णता कमी असते आणि ती भरून काढण्यासाठी बॉयलरला जादा इंधन जाळावे लागते. मात्र निघालेली वाफ प्रक्रियेतच वापरली जात असल्याने वाफेला दिलेल्या त्या जादा उष्णतेचा बहुतांश भाग विजेत उतरतो. औष्णिक वीजकेंद्राला हे साधत नाही, कारण तेथे उष्णतेचा मोठा हिस्सा कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रात, टाकून द्यावा लागतो.

तयार एक्सेल तक्त्यांवर माझा राग आहे, तो यामुळेच: त्यांत एन्ट्रॉपीचा रकानाच बहुधा नसतो. स्टीम टेबल (दाब-तापमानानुसार वाफेच्या गुणधर्मांचे कोष्टक) हाताने उघडायला न लावणारा मार्गदर्शक कितीही प्रेमळ असला, तरी तो तुमचे नुकसानच करतो. घाबरू नका, हे गणित अर्ध्या तासाचे आहे. मात्र ते जमले म्हणून लगेच टर्बाइनची शिफारस करू नका. आधी प्रत्येक पाळीतील वाफेचा प्रवाह नोंदवा. तो फार खालीवर होत असेल, तर छोटे टर्बाइन बहुतेक वेळ अर्धपोटी चालते आणि तो व्हॉल्व्ह शेजारी ठेवावाच लागतो.