कूलरला मीटर लावण्याआधी लाल वायर बघा

एप्रिल लागला की नागपुरात कूलर निघतात, पाठोपाठ व्होल्ट-करंट मोजायचा मल्टिमीटरही. मागच्या वेळी करंट मोजलेला असतो, लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहते. तशीच सॉकेटमध्ये घातली की सरळ शॉर्ट! माझ्या वायरचं टोक असंच काळं पडलंय.

१. काळी वायर कॉम (COM) लिहिलेल्या भोकात, लाल व्होल्टच्या भोकात. आवरण तडकलं असेल तर वायर फेकाच.
२. नॉब एसी व्होल्टच्या (V~) सगळ्यात मोठ्या रेंजवर.
३. आधी चालू सॉकेट मोजा, २३०च्या आसपास आकडा यायला हवा. मगच कूलर.

कूलरवर शून्य आलं तरी मीटर पुन्हा त्याच सॉकेटवर तपासा. आणि प्लग काढल्याशिवाय टाकीत हात नको.