स्पीच थेरपिस्टची नोकरी: पगाराचा आकडा कसा वाचावा

स्पीच थेरपिस्ट होण्यासाठी बारावी विज्ञान शाखेनंतर बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा-उपचारांची, इंटर्नशिपसह ४ वर्षांची पदवी घ्यावी लागते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत, तसेच नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला महाविद्यालयात हे शिक्षण मिळते. भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत मात्र स्वतंत्रपणे रुग्ण घेऊ नयेत.

पगार ठरवण्यापूर्वी या कामाला वेळ कुठे लागतो, हे ओळखावे. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला आरशासमोर बसवून जिभेचे टोक हलकेच खाली दाबून धरले, की जिभेची मागची बाजू उचलली जाऊन ‘क’ निघू शकतो. पण तो ‘क’ शब्दात, मग वाक्यात आणि शेवटी घरच्या भांडणातही टिकावा, यासाठी अनेक आठवडे जातात. शिवाय सत्र संपल्यावर आईला घरचा सराव समजावणे आणि नोंदी लिहिणे उरतेच, आणि नेमका हाच वेळ मोबदल्यात धरला जात नाही.

सरकारी नोकरीत हा प्रश्न फारसा येत नाही. रेल्वेच्या २०२४ च्या भरतीत या पदाला वेतनस्तर ६, म्हणजे ३५,४०० रुपये मूळ वेतन होते आणि भत्ते वेगळे. अडचण एवढीच की अशा जागा मोजक्याच निघतात.

खासगी दवाखान्यात मात्र ‘महिन्याला किती’ यापेक्षा ‘कशावर’ हे आधी विचारावे. समजा, सत्राचे शुल्क ६०० रुपये असून निम्मा वाटा आपला आहे. रोज ६ सत्रे आणि २४ दिवस धरले, तर ४३,२०० रुपये दिसतात. प्रत्यक्षात मुलाला ताप येतो, शाळेचे स्नेहसंमेलन निघते, आणि रोज ४ च सत्रे झाली की हातात २८,८०० पडतात. मे महिन्यात कुटुंबे गावी गेली, की तेवढेही राहत नाहीत. माझ्या पहिल्या नोकरीत मी हे विचारले नव्हते आणि पहिल्याच उन्हाळ्यात घरभाड्यासाठी उसने पैसे घ्यावे लागले. म्हणून ठरावीक किमान वेतन आणि त्यावर सत्रांचा वाटा अशी रचना मागावी, आयत्या वेळी रद्द झालेल्या सत्राचे पैसे कोण सोसणार हे नेमणूकपत्रात लिहून घ्यावे आणि मूल्यमापनाचे, म्हणजे रुग्णाच्या सुरुवातीच्या तपासणीचे, शुल्क सत्राहून वेगळे धरले आहे ना, हे सही करण्यापूर्वी तपासावे.