‘गेमपायी खून’ म्हणतात, तो खरंच झाला का? पडताळणीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

‘गेममध्ये हरला म्हणून मित्राला संपवलं’, ‘पबजी खेळू दिलं नाही म्हणून आईचा जीव घेतला’ अशा छापाचा मजकूर पडताळायला आला की सगळ्यात आधी त्याचे दोन तुकडे करा. माणूस मारला गेला का, हा पहिला प्रश्न. त्यामागे गेम होता का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या कागदांत असतं आणि बहुतेक वेळा काही दिवसांत हाती लागतं. दुसऱ्याला महिने लागतात, कधी वर्षं लागतात, आणि काही प्रकरणांत ते कधीच मिळत नाही. नवीन माणूस दोन्ही एकत्र घेऊन ‘खरं’ किंवा ‘खोटं’ असा एकच शिक्का शोधत बसतो. या कामातल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

आधी मजकूर जसा आला तसा जपून ठेवा. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, दुवा असेल तर वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करा. अशा पोस्ट चर्चा वाढली की काढल्या किंवा बदलल्या जातात, आणि मग मुळात काय म्हटलं होतं हेच सिद्ध करता येत नाही. त्यानंतर मजकुरातून पाच गोष्टी वेगळ्या काढा: गाव, पोलीस ठाण्याची हद्द, तारीख, वय आणि गेमचं नाव. गाव आणि तारीख दोन्ही नसतील तर तो दावा तपासण्याजोगाच नाही. तसं स्पष्ट लिहून थांबावं, अंदाजाने एखाद्या जुन्या घटनेला तो चिकटवू नये.

फोटो असेल तर गुगल लेन्स, यांडेक्स आणि टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या तिन्ही साधनांवर शोधा. एकावर काही सापडलं नाही म्हणजे फोटो नवा, असं नसतं. व्हिडिओ असेल तर त्यातली पाच-सहा वेगवेगळी दृश्यं थांबवून त्यांची चित्रं शोधा. पाटी, गाडीची नंबर प्लेट, दुकानाचं नाव, गणवेश दिसेल अशी दृश्यं निवडायची. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत तो कधी आणि कुठे काढला याची मूळ माहिती शिल्लक राहत नाही, तेव्हा त्या फाइलच्या तारखेवर विसंबू नका.

बातम्या शोधताना घटना जिथली असेल तिथल्या भाषेत शोधा. सप्टेंबर २०१९ मध्ये बेळगावजवळच्या काकती गावात मोबाइलवरच्या खेळावरून हटकलं म्हणून एका तरुणाने वडिलांचा खून केल्याची बातमी देशभर गेली. ती मराठीत आली, इंग्रजीतही आली. पण तिथल्या ठाण्याचा कागद कन्नडमध्ये असतो आणि स्थानिक तपशील कन्नड वृत्तपत्रांत जास्त मिळतात. मराठी बातमी तेवढी वाचून काम झालं असं समजू नये. आणखी एक गोष्ट मोजायला शिका: दहा संकेतस्थळांवर एकच बातमी दिसली म्हणजे दहा स्रोत झाले नाहीत. वाक्यरचना, चुकीचं शब्दलेखन, वयाचा आकडा सगळीकडे सारखा असेल तर तो एका वृत्तसंस्थेचा एकच मजकूर आहे. जिल्हा आवृत्तीतला तिथल्या बातमीदाराचा स्वतंत्र तपशील सापडला तर तो दुसरा स्रोत.

गेमच्या नावाला आणि तारखेला वेगळी चाळणी लावा. पबजी मोबाइल मार्च २०१८ मध्ये आला. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात तो होता. बीजीएमआय हे भारतीय रूप २ जुलै २०२१ रोजी आलं, जुलै २०२२ च्या अखेरीस स्टोअरमधून काढलं गेलं आणि मे २०२३ मध्ये परतलं. फ्री फायर हा तसाच दुसरा गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला. त्यामुळे २०१७ च्या घटनेत पबजी मोबाइलचं नाव आलं तर मजकुरात गोंधळ आहे हे लगेच कळतं. उलट बाजू मात्र तेवढी सोपी नाही. बंदीनंतरही लोक बीजीएमआयला पबजीच म्हणत राहिले आणि बाहेरून मिळवलेली अ‍ॅप चालत राहिली. जून २०२२ मध्ये लखनौच्या एका प्रकरणात सगळीकडे ‘पबजी’ छापलं गेलं, तेव्हा पबजी मोबाइल भारतात अधिकृतपणे नव्हता. नाव जुळत नाही म्हणून घटना खोटी ठरत नाही. फक्त गेमचं नाव कुणी सांगितलं आणि कशावरून सांगितलं, हे विचारायची जागा सापडते.

आता कागद. खुनाच्या प्रत्येक घटनेत गुन्हा रजिस्टर नंबर असतो. मृत्यू संशयास्पद असला पण खून स्पष्ट नसला तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली. अफवेतला ‘खून’ ठाण्याच्या कागदावर अकस्मात मृत्यू निघणं हे नेहमीचं आहे. त्यातून पुढे गुन्हा दाखल झाला का, तेही पाहावं लागतं, कारण शवविच्छेदनाचा अहवाल आल्यावर कलम बदलू शकतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायची असते. नेट वगैरेच्या अडचणी असतील तर ४८, जास्तीत जास्त ७२ तासांत. संवेदनशील गुन्ह्यांना यातून सूट आहे, म्हणून संकेतस्थळावर सापडली नाही याचा अर्थ नोंदच नाही असा काढू नका. एफआयआर हाती आल्यावर तीन रकाने आधी वाचा: घटना घडल्याची वेळ, ठाण्यात खबर मिळाल्याची वेळ, आणि विलंबाचं कारण. मग शेवटची हकीकत. तिथे बहुधा ‘किरकोळ कारणावरून’ किंवा ‘जुन्या वादातून’ एवढंच लिहिलेलं असतं. गेमचा उल्लेख नसला तरी गडबडून जाऊ नका. एफआयआर ही फिर्यादीने पहिल्या तासांत सांगितलेली गोष्ट असते आणि फिर्यादीला हेतू माहीत असेलच असं नाही. आणि उल्लेख असला तर तो फिर्यादीचा समज आहे, तपासाचा निष्कर्ष नव्हे.

ठाण्यात फोन करायचा तर ‘तो गेमवाला खून झाला का हो?’ असं विचारू नका. ठाणे अंमलदार किंवा तपासी अंमलदार यांना गुन्ह्याचा नंबर, कलमं, अटक झाली का, आरोपी सज्ञान आहे का, एवढे चार प्रश्न विचारा. गेमचा प्रश्न पाचवा, आणि तोही खुला ठेवा: ‘कारण काय समोर आलं?’ तुम्हीच गेमचं नाव पुरवलं तर समोरचा ‘हो, तसंच काहीतरी’ म्हणतो आणि तुमचीच अफवा पोलिसांच्या नावाने परत येते. हे फार वेळा घडतं. उत्तर देणाऱ्याचं पद, दिवस आणि वेळ वहीत लिहून ठेवा.

माहिती अधिकाराचा अर्जही उपयोगी पडतो, पण ‘खून का झाला’ असं विचारलं तर उत्तर येणार नाही. नोंदीत असलेली माहिती मागा: गुन्हा क्रमांक, कलमं, दोषारोपपत्र दाखल झाल्याची तारीख, न्यायालयातला केस क्रमांक. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तपास चालू असेल तर कलम ८(१)(ज) दाखवून नकार येतो. कोर्टात प्रकरण गेल्यावर पुन्हा अर्ज करा.

कोर्टातला शोध ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर. जिल्हा, न्यायालय संकुल, पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष टाकून प्रकरण निघतं. प्रलंबित आणि निकाली असे दोन्ही पर्याय तपासा. इथे दोन गोष्टी नवख्यांना अडवतात. एक, खुनाचा खटला आधी दंडाधिकाऱ्यांकडे नोंदतो आणि मग सत्र न्यायालयाकडे जातो. तिथे नवा क्रमांक पडतो. दंडाधिकाऱ्यांकडची नोंद ‘निकाली’ दिसली म्हणजे आरोपी सुटला असं नाही, प्रकरण वर गेलं एवढंच. दुसरी, कलम. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला भारतीय दंड संहितेचं ३०२ लागतं, त्यानंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं १०३. २०२५ ची घटना ३०२ खाली शोधली तर काहीच मिळत नाही आणि खरी घटना खोटी ठरवली जाते.

दोषारोपपत्र सर्वांना उपलब्ध व्हावं ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली, तेव्हा ते संकेतस्थळावर मिळेल ही आशा सोडा. पण जामिनाच्या आदेशात त्यातला बराच भाग येतो. सरकारी पक्ष हेतू काय म्हणतो, फोन जप्त झाला का, प्रयोगशाळेचा अहवाल आला का, हे जामिनाच्या आदेशातून समजतं. आमच्या मते या कामातला सगळ्यात दुर्लक्षित कागद हाच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. गेमचा आणि खुनाचा संबंध एकाच प्रकारचा नसतो, आणि तो कोणत्या प्रकारचा हे सांगितल्याशिवाय ‘गेममुळे’ हा शब्द लिहू नये.

शांघायचं २००५ चं प्रकरण खरं आहे. लेजंड ऑफ मीर ३ या गेममधली एक दुर्मिळ तलवार एकाने दुसऱ्याला उसनी दिली. त्याने ती ७,२०० युआनला विकून टाकली. तलवारीचा मालक पोलिसांकडे गेला, तेव्हा आभासी वस्तूला कायद्याचं संरक्षण नाही असं त्याला सांगण्यात आलं. मग त्याने विकणाऱ्याला भोसकून मारलं. त्याला फाशीची शिक्षा झाली, पण दोन वर्षांच्या स्थगितीसह, म्हणजे वागणूक चांगली राहिल्यास ती जन्मठेपेत बदलू शकते अशी. ‘गेममधल्या तलवारीसाठी खून, फाशी’ हे वाक्य त्यामुळे अर्धवट आहे. त्या भांडणाचा विषय पैसे आणि मालकी होता. गेमने डोकं फिरवलं असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

अमेरिकेतल्या विचिटा शहराचं प्रकरण याहून वेगळं. २८ डिसेंबर २०१७ रोजी कॉल ऑफ ड्यूटी या गेममधल्या दीड डॉलरच्या पैजेवरून दोन खेळाडूंचं बिनसलं. एकाने दुसऱ्याला आपला जुना पत्ता दिला. दुसऱ्याच्या सांगण्यावरून लॉस एंजेलिसमधल्या तिसऱ्याने त्या पत्त्यावर ओलीस धरल्याचा खोटा फोन पोलिसांना केला. दार उघडून बाहेर आलेला माणूस पोलिसांच्या गोळीने मेला. त्याचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता. फोन करणाऱ्याला मार्च २०१९ मध्ये २० वर्षांची कैद झाली. मृत्यू खरा आहे आणि गेमचा दुवाही खरा आहे. पण ‘गेमरने गेमरचा खून केला’ हे यातल्या प्रत्येक शब्दाला चुकीचं आहे.

तिसरा प्रकार म्हणजे गेमच सापडत नाही असा. २०१७ च्या उन्हाळ्यानंतर ‘ब्लू व्हेल’ची, म्हणजे मुलांना आत्महत्येकडे नेतो असं सांगितल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळाची, भीती घराघरांत शिरली. मुंबईतल्या एका शाळकरी मुलाच्या मृत्यूलाही बातम्यांनी तेच नाव दिलं आणि ऑगस्टमध्ये केंद्राने मोठ्या कंपन्यांना दुवे काढायला सांगितलं. मात्र डाउनलोड करता येईल असं त्या नावाचं कुठलंही अधिकृत अ‍ॅप नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत उत्तर दिलं: सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने इंटरनेटचा वापर, उपकरणं, कॉलच्या नोंदी, समाजमाध्यमं तपासली आणि एकाही घटनेत त्या खेळाचा सहभाग प्रस्थापित झाला नाही. बातम्या महिनोन्‌महिने चालल्या, हे उत्तर एका दिवसात विरून गेलं. अशा मृत्यूंबद्दल लिहिताना पद्धत, टप्पे, चिठ्ठीतला मजकूर काहीही देऊ नका. मदतीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मजकुरातच द्या.

पोलिसांच्या पत्रकार परिषदेत ‘आरोपीने गेमसाठी केल्याची कबुली दिली’ असं आलं तर ते तसंच, त्यांच्या तोंडी ठेवून लिहा. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. गेमचा दुवा पुराव्यात यायला फोनमधला मजकूर, खात्याची नोंद, पैशांचे व्यवहार आणि त्यांचं प्रमाणपत्र लागतं, पूर्वीच्या पुरावा कायद्यात ६५ब, आता साक्ष अधिनियमाचं कलम ६३. शिवाय प्रत्यक्षदर्शी पुरावा भक्कम असेल तर हेतू सिद्ध न होताही शिक्षा होऊ शकते. म्हणून निकालपत्रात जन्मठेप असेल आणि गेमबद्दल एकही ओळ नसेल, असंही होतं. त्या वेळी पहिल्या प्रश्नाला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘सिद्ध झालेलं नाही’ असं उत्तर द्या.

‘असे खून वाढलेत’ हा दावा वेगळा तपासावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात खुनाच्या हेतूंचा तक्ता असतो, पण त्यात ऑनलाइन गेमचा रकाना नाही. आकडा कुणी देत असेल तर तो बातम्या मोजून काढलेला आहे, आणि बातम्या मोजणं म्हणजे गुन्हे मोजणं नव्हे.

आरोपी किंवा पीडित १८ वर्षांखालचा असेल तर बालन्याय कायद्याचं कलम ७४ लागतं. नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि चेहरा पुसून आई-वडिलांचं नाव दिलं तरी ओळख उघड होतेच. अशी प्रकरणं बाल न्याय मंडळापुढे जातात, ती नावाने ई-कोर्ट्सवर शोधत बसू नका. कुटुंबाला पहिल्या आठवड्यात फोन करू नका. त्यांच्याकडून मिळणारी माहिती पोलिसांकडेही असते, आणि तुमचा फोन हा त्या दिवसातला विसावा असतो.

मजकूर प्रसिद्ध झाल्यावर प्रकरणाचा सीएनआर क्रमांक, म्हणजे ई-कोर्ट्सवर प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, वहीत टाका, त्यापुढे अटकेची तारीख आणि तिच्यापासून ९० दिवसांनंतरची तारीख लिहा. खुनाच्या गुन्ह्यात तोवर दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, तेव्हा त्या सुमारास काहीतरी हालचाल दिसते. त्यानंतर दर तीन महिन्यांनी नोंद उघडून पाहा. निकाल लागला की आधीच्या मजकुराच्या वर, त्याच पानावर, तारीख घालून दुरुस्ती लिहा.