नवा बॉल पायथन घरात रुळवताना

आधी कायद्याचं. भारतात नाग, धामण, मांडूळ किंवा आपला अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बॉल पायथन हा आफ्रिकेतला अजगर. तो साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये येतो, म्हणून त्याची पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसतील तर घेऊच नका.

साप येण्यापूर्वी दोन दिवस त्याच्या पेटीतली ऊब चालू ठेवून तापमान तपासा. उबदार बाजूची जमीन ३१ ते ३२ अंश, थंड बाजू २४ ते २६, आर्द्रता ५५ ते ६५ टक्के. हीट मॅट, म्हणजे खालून ऊब देणारी विजेची चटई, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान पाहून वीज चालू-बंद करणारं यंत्र) लावू नका. थर्मोस्टॅटचा सेन्सर जागेवरून सरकला तरी मॅट तापत जाते आणि पोट भाजतं. खालून चटका बसत असतानाही साप तिथून हलेलच असं नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो, तिथे खोलीच थंड ठेवावी लागते.

सगळ्यात जास्त चुकतं ते लपायच्या जागेत. ती एकच ठेवली, तर सापाला ऊब आणि आडोसा यातलं एक निवडावं लागतं. घाबरलेला साप आडोसा निवडतो, थंडीत पडून राहतो आणि खाल्लेलं पचत नाही, कधी उलटून पडतं. म्हणून दोन्ही टोकांना एकसारख्या दोन जागा हव्यात. त्या ऐसपैस नकोत. वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकलं पाहिजे. काचेची पेटी असेल तर तीन बाजूंना कागद लावा.

आणल्यावर पिशवीचं तोंड पेटीतच उघडा आणि बाजूला व्हा. पहिला आठवडा फक्त पाणी बदलायचं आणि घाण काढायची. पाहुण्यांना दाखवणंही नको.

सहा-सात दिवसांनी, संध्याकाळी, पहिलं खाणं द्या: सापाच्या सर्वात जाड भागाएवढा गोठवलेला उंदीर. त्याचा बर्फ रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या, मग बंद पिशवीत कोमट पाण्यात ठेवून ३८ अंशांपर्यंत आणा. मायक्रोवेव्हमध्ये तो आतून शिजतो, फुटतोही. लांब चिमट्यानं पुढे धरा. घेतला नाही तर लपायच्या जागेसमोर ठेवून दिवा घालवा, सकाळी काढून टाका आणि पुढचा प्रयत्न आठवड्यानं करा. रोज पुढे केलं की नकार पक्का होतो. (दूध वगैरे मुळीच नको.) मोठा बॉल पायथन कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो. दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन घ्या. दहा टक्क्यांनी घटलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर गाठा. पिल्लाच्या बाबतीत एवढी वाट पाहू नका.

दोन-तीनदा नीट खाल्ल्यावरच हातात घ्या, तेही पाच-दहा मिनिटं. डोक्यावरून हात नेऊ नका, मधल्या अंगाला खालून आधार द्या. खाल्ल्यानंतर ४८ तास, आणि कात टाकण्याआधी डोळे निळसर झाले असताना, हात लावू नका. तो गोळा होऊन डोकं आत घालत असेल तर परत ठेवा.

दिवसभर पाण्यात बसतोय? तापमान पहा. ते ठीक असेल तर पाण्यात काळे बारीक ठिपके शोधा, ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, असतात. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल किंवा नाकाशी बुडबुडे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.