सिबिलमध्ये चूक बँकेची, तरी भरपाई का अडते? या चुका टाळा

माझ्या मावसभावाने मोटारसायकलचं कर्ज फेडलं, एनओसी (कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला) घेतली, आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवला आणि फाईल कपाटात टाकली. दोन वर्षांनी गृहकर्जासाठी गेला, तर सिबिल या क्रेडिट माहिती कंपनीच्या (कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या) रिपोर्टमध्ये तेच खातं चालू आणि थकबाकी 590 रुपये. मधे एकदा हप्ता बाउन्स झाला होता. त्याचा दंड बँकेने लावला, नंतर माफही केला, पण रिपोर्टमधून तो काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. शाखेत गेलं की उत्तर ठरलेलं: "होऊन जाईल साहेब, हेड ऑफिसला मेल टाकलाय." असे चार महिने गेले. भरपाईची गोष्ट काढली तेव्हा समोरून प्रश्न आला, तक्रार क्रमांक काय? तो नव्हताच.

तोंडी तक्रार

रिझर्व्ह बँकेचा नियम सरळ आहे. 26 एप्रिल 2024 पासून, क्रेडिट माहितीतल्या चुकीची तक्रार 30 दिवसांत मार्गी लागली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. पण दिवस मोजायचे ते तक्रार नोंदवल्या तारखेपासून, चूक झाल्यापासून नाही. काउंटरवर बोललात, मॅनेजरने मान डोलावली, याची तारीख कुठे लागत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ईमेल करा किंवा बँकेच्या पोर्टलवर तक्रार टाका. शाखेत अर्ज दिलात तर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. मावसभावाचे ते चार महिने हिशोबात शून्य धरले गेले.

'माझा स्कोअर का पडला?' अशी तक्रार

स्कोअर कसा काढला हा वाद या भरपाईत बसतच नाही. चुकीच्या नोंदीवर बोट ठेवा. कोणतं खातं, कोणता रकाना, तिथे काय दिसतंय आणि काय हवं. 'खाते अमुक, थकबाकी 590 दाखवली आहे, ती शून्य हवी. स्थिती चालू आहे, ती बंद हवी. सोबत एनओसी' एवढं पुरतं. रिपोर्टची प्रत आणि त्यावरचा कंट्रोल नंबर (त्या रिपोर्टचा ओळख क्रमांक) जोडा. दर वर्षी प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यामुळे पैसे भरायची गरज नाही. 'सिबिल दुरुस्त करून देतो' म्हणत ओटीपी मागणाऱ्या एजंटांची तर मुळीच नाही.

एक कडू गोष्टही सांगून टाकतो. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवलं असेल, तर रिपोर्टमधला 'सेटल्ड' हा शेरा खरा आहे. त्याला चूक म्हणून भांडलात तर वेळ जाईल, हाती काही लागणार नाही.

दोष कुणाचा, हे न पाहता भांडणं

तक्रार बँकेकडे करा किंवा क्रेडिट माहिती कंपनीकडे, 30 दिवस दोघांना मिळून आहेत. त्यातले 21 दिवस बँकेचे. तेवढ्यात तिने दुरुस्त माहिती कंपनीकडे पाठवायची असते. ती चुकली तर भरपाई बँक देते. बँकेने वेळेत पाठवूनही कंपनीने नोंद बदलली नाही तर कंपनी देते. कंपनी बँकेच्या होकाराशिवाय स्वतःहून आकडा बदलत नाही, त्यामुळे सिबिलवर चिडून उपयोग नसतो. मी तरी दोन्हीकडे एकाच दिवशी लेखी कळवतो. टोलवाटोलवीला जागा उरत नाही. तक्रार फेटाळली तर कारण लेखी मागा. ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

बरेच जण इथे दिवसाला 5,000 रुपये मागतात. तो वेगळा नियम आहे, कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत न देणाऱ्या बँकेसाठी. चुकीचा नियम लिहिला की उत्तर देणाऱ्याला आयतंच निमित्त मिळतं.

100 रुपयांवरच थांबणं

1 जूनला तक्रार, 20 ऑगस्टला दुरुस्ती, म्हणजे 50 दिवसांचे 5,000 रुपये. तक्रार मिटल्यावर पाच कामकाजी दिवसांत ते खात्यात यायला हवेत. आता खरं नुकसान बघा. 30 लाखांचं गृहकर्ज 20 वर्षांसाठी 8.5 ऐवजी 9 टक्क्यांनी घ्यावं लागलं, तर हप्ता 26,035 वरून 26,992 होतो. महिन्याला 957, पूर्ण मुदतीत सव्वादोन लाखांहून जास्त. हे 100 रुपयांच्या हिशोबात येत नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) किंवा ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. 2021 च्या लोकपाल योजनेत प्रत्यक्ष नुकसानीसाठी 20 लाखांपर्यंत आणि वेळ, खर्च, मनस्ताप यांसाठी 1 लाखापर्यंत भरपाईची तरतूद ठेवली होती.

पण पुरावा लागतो, आणि तो तेव्हाच जमवायचा असतो. कर्ज नाकारल्याचं पत्र मागून घ्या, त्यात कारण लिहून घ्या. जास्त दराचं मंजुरीपत्र ठेवा, त्याच बँकेचा चांगल्या स्कोअरचा दर छापलेला कागद ठेवा. 'लग्न मोडता मोडता वाचलं' हे खरं असलं तरी कागदावर येत नाही.

लोकपालाकडे जाण्याआधी बँकेकडे लेखी तक्रार आणि 30 दिवसांची वाट हवीच. तेच प्रकरण कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल घेत नाही, म्हणून वाट आधी निवडा. वकील लागत नाही. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

सही घाईत करणं

दुरुस्ती झाली की शाखेतून फोन येतो, 'तक्रार मिटली' यावर सही करा. सही करा, पण त्याखाली हाताने लिहा: 'नोंद दुरुस्त झाली, भरपाईची मागणी कायम.' सहीपूर्वी रिपोर्ट मात्र नव्याने काढून बघा. थकबाकी शून्य होते आणि मागच्या महिन्यांच्या उशिराच्या दिवसांचे आकडे तसेच राहतात, हे फार वेळा घडतं. पुढची बँक नेमका तोच रकाना वाचते.

मावसभावाने शेवटी ईमेल केला. त्यानंतर 73 दिवसांनी सिबिलची नोंद बदलली आणि 4,300 रुपये खात्यात आले. मी त्याला इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क या इतर क्रेडिट माहिती कंपन्यांचेही रिपोर्ट काढायला लावले. त्यातल्या एकात 590 अजून तसेच होते. त्याने त्याच संध्याकाळी नवी तक्रार टाकली आणि या वेळी क्रमांक आधी वहीत लिहून ठेवला.