न लावलेल्या व्हीसीडी, डीव्हीडी जपताना

हौसेने घेतलेल्या, पण वर्षानुवर्षं न लावलेल्या सिनेमांच्या डिस्क आडव्या रचू नका. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. काढताना डबीतली मधली कळ दाबा. कड ओढून वाकवलीत तर भोकाभोवती तडा जातो. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पडलेला ओरखडा ट्रॅकच्या, म्हणजे डेटाच्या गोल रेषेच्या दिशेने जातो, तो प्लेअरला सावरत नाही.

खरा धोका छापील बाजूला! व्हीसीडीचा चकाकता थर तिथेच, लॅकरच्या, म्हणजे वार्निशसारख्या पातळ लेपाखाली असतो. बॉलपेनने नाव लिहिलंत की डेटा गेलाच. डीव्हीडीत तो दोन प्लॅस्टिक चकत्यांमध्ये असतो, म्हणून ती जरा सोशिक.

पावसाळ्याआधी खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. वर्षातून एकदा डिस्क लावून बघा, शेवटचा भागही. अडखळली तर लगेच कॉपी करा.